मनानं लिहिलेलं

८ नोव्हेंबर, शहापूर

खोली मिळाली. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खिडकी उघडली की माहुलीचे सुळके दिसतात. मालकीणबाईंनी विचारलं, "एकट्याच राहणार? कशाला?" मी म्हटलं, संशोधन आहे, मोबाईलमुळे होणाऱ्या राजकीय मारामाऱ्यांवर. त्या म्हणाल्या, "मग लांब कशाला जाता, आमच्याच घरात बसा. दोन मुलगे आहेत, मोबाईल एक."

बाबा वनखात्यात होते तेव्हा आम्ही शहापुरात होतो. म्हणजे आईबाबा होते. मी नन्सच्या शाळेत, बोर्डिंगमध्ये, आणि फक्त मे महिन्यात इथं. क्वार्टर्सवर हिराबाई कामाला यायच्या. मला "बेबी" म्हणायच्या आणि पळसाच्या पानात करवंदं बांधून आणायच्या. सुट्टी संपून मी निघाले की आई रडायची नाही, हिराबाई रडायच्या. आज ती क्वार्टर्स शोधत गेले. भोवती उंच कंपाऊंड आहे, वॉचमननं आत सोडलं नाही.

ही डायरी मराठीत लिहायची. आयुष्यभर इंग्रजीत शिकवलं, मराठी घरापुरतं आणि आईपुरतं उरलं. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. हात बसवायला हवा.

१३ नोव्हेंबर

किन्हवलीवरून एसटीनं मुरबाड, तिथून जीपनं सिद्धगडाच्या बाजूला. दर्शना बरोबर होती. मुरबाडला तिची छोटी संघटना आहे, वाड्यावस्त्यांवर काम करते. मला वृंदाताई म्हणते आणि सतत घाईत असते.

गावाचं नाव इथंही लिहिणार नाही, तो माझा नियमच आहे. वर गाव, शेतीवाल्यांचं. खाली ओढ्याच्या कडेला कातकऱ्यांची वाडी. घडलं ते असं. यंदा सरपंचपद आदिवासींसाठी राखीव झालं. वाडीतला गुणा पंचायतीच्या ऑफिसला रंग द्यायच्या मजुरीवर गेला होता. दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. तो सरपंचाच्या खुर्चीत बसला, हातात ब्रश तसाच, आणि फोटो काढून स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, "बसायची सवय करतोय." संध्याकाळी त्याला समाजमंदिरासमोर मारलं. मारणाऱ्यांनीच शूटिंग केलं आणि आपापल्या स्टेटसला ठेवलं. त्यात गुणाचा चेहरा दिसतो, बाकीच्यांचे फक्त पाय.

गुणानं पोलिसांत काय सांगितलं? मोबाईलवरून आपसात भांडण झालं, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो भिवंडीकडे वीटभट्टीवर निघून गेला. सरपंचपदाचा अर्ज भरलाच नाही.

माझ्या विषयासाठी याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही, असं जीपमध्ये मनात आलं. लिहून ठेवते, कारण ते खरंच आलं.

वाडीत शेवटच्या घरात एका म्हातारीनं काळा चहा दिला. सगळे तिला जाणूची आय म्हणतात. जाणू तिचा मुलगा, गावातल्या किशोररावांच्या ट्रॅक्टरवर हमाली करतो. किशोरराव म्हणजे माजी उपसरपंच, आणि मारणाऱ्यांत ज्याचं नाव कुजबुजतात त्या भाविकचा काका. म्हातारी माझ्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "बाय, तुला कोन नाय काय घरी? एवढ्या लांब आलीस ती?" किती गोड! तिच्याकडे बसल्यावर आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं.

२१ नोव्हेंबर

आज मिळाली. जिनं सगळं पाहिलं ती बाई.

तिला इथं स. म्हणते. गुणा-किशोररावांची नावं पेपरातच येऊन गेली, ती लपवण्यात अर्थ नाही. हिचं मात्र कुठंच येता कामा नये. त्या संध्याकाळी ती समाजमंदिराशेजारच्या नळावर होती. सगळे चेहरे ओळखते. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. पदर नीट करून, मांडी घालून ती बसली, फोटो काढून घ्यायला बसावं तशी.

"मोबाईलवरून मारलं असं म्हनतात ना? मोबाईलसाठी नाय मारला ओ त्याला. खुर्चीसाठी मारला. भाविक बोलत होता, पुसून काढ रे खुर्ची, पुसून काढ. नि गुनाच्या शर्टानंच पुसायला लावली. खुर्ची बाहेर आनलेली मुद्दाम."

हे शूटिंगमध्ये नाही. हे कुणालाच माहीत नव्हतं.

सुरुवातीला तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. मग थांबून, सावकाश, पुन्हा एकदा सांगितलं. "लिवा," म्हणाली. मी हसले. म्हटलं, "नाही गं, तुझं नाव आम्ही बदलणार. तुझ्यासाठीच." ती म्हणाली, "का ओ? मी खोटं बोलते काय?" तिला धोका कुठला कळायला! किती निरागस असतात ही माणसं. मी समजावलं, संशोधनात असंच करतात. ती गप्प झाली. पटलं असावं.

७ डिसेंबर

लिहून होत आलं. एका मराठी वेब-मासिकानं लेख मागितलाय, तोही देणार. शीर्षक स.चंच वाक्य: "मोबाईलसाठी नाही, खुर्चीसाठी मारला".

तिच्यासाठी नाव हवं होतं. बराच वेळ पेन घेऊन बसले आणि मग आपोआप उमटलं, हिराबाई. जिनं मला करवंदं दिली तिचं नाव जगात कुठंच छापलेलं नाही. आता छापलं जाईल. नावापुढे छोटी तारका, शेवटी तळटीप: सुरक्षेसाठी नाव बदललं आहे. डोळे भरून आले. शाळेतल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, कृतज्ञता ही नेहमी उशिरा पोचणारी मुलगी आहे. पोचली एकदाची.

२ जानेवारी

लेख आला. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन. एकीनं लिहिलं, "मॅम, हिराबाईंचा आवाज कानात घुमतोय." दिवसभर मी फोन हातातून ठेवला नाही. दर्शनाचा मेसेज मात्र एवढाच: "ताई, हिराबाई नाव का ठेवलं?" मी सगळी आठवण सांगणारं लांबलचक उत्तर पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. घाईत असेल.

५ जानेवारी

लेखाच्या एका परिच्छेदाचा स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर फिरतोय. तो फिरत फिरत माझ्या मालकीणबाईंच्या मुलाकडे आला आणि त्यानं मला दाखवला, "मॅडम, हे तुमचंच ना?" हिराबाईपुढची तारका दिसते. तळटीप दिसत नाही, ती लेखाच्या शेवटी आहे. खाली कुणीतरी लिहिलंय, "म्हातारीला लय वाचा फुटली." पुढे हसणारे चेहरे.

कोण म्हातारी? स. तर तिशीची आहे.

६ जानेवारी

व्हिडिओ आला. दर्शनानं पाठवला.

काळ्या चहाचं घर. दाराशी जाणूची आय बसलेली, समोर तीन-चार पोरांचे पाय. आवाज: "नाव सांग गो म्हातारे. कॅमेऱ्यात बघून सांग." ती हात जोडते. म्हणते, "हिराबाई." "कोन हिराबाई? जोरात!" "हिराबाई. जाणूची आय मी." "काय बोललीस पेपरवाल्या बाईला?" "मी नाय बोलली रे बाबा. मी चहा दिला फक्त. आईशप्पत नाय बोलली." मग कुणीतरी हसतं आणि व्हिडिओ संपतो.

मी तिच्या घरी बसले, चहा प्यायले, तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. ओळख या विषयावर मी दोन पुस्तकं लिहिलीत. तिचं नाव मी विचारलं नव्हतं.

८ जानेवारी

वाडीत गेले. जीपवाला गावाच्या वेशीवर उतरवून म्हणाला, "खाली नाय जानार, मॅडम. राग मानू नका." चालत गेले.

जाणूला ट्रॅक्टरवरून काढलंय. दुकानात त्यांना तेल-मीठ देत नाहीत. गावातले लोक वालाच्या शेंगा काढायला वाडीच्या बायकांना बोलावतात, तिला सोडून. जाणू मला बघून आत निघून गेला. म्हातारी बाहेर आली. यावेळी केसांना हात लावला नाही.

"बाय, माझं नाव तुला सांगितलं कोनी?"

"कुणीच नाही, आजी. मला माहीतच नव्हतं."

"मग लिवलंस कसं?"

मी बाबांची बदली, क्वार्टर्स, करवंदं, सगळं सांगायला लागले. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "मला नावानं हाक मारनारा माझा मालक. तो गेल्यापासून कोन नाय मारीत. आता अख्खं गाव मारतंय."

त्या म्हातारीला वाचवायचं तर सांगायला हवं की बोलली ती दुसरीच कुणी. आणि तसं सांगितलं की त्यांची बोटं मोजायला लागतील, त्या वेळी नळावर कोण कोण होतं. मग स. सापडायला किती वेळ! दर्शना म्हणाली, "ताई, आता काही करू नका. खरंच काही करू नका." पण मी केलंय ते मीच निस्तरायला हवं. किशोररावांना फोन केला. फार सभ्यपणे बोलले. "रविवारी या देवळात. आमच्या लोकांना समजावून सांगा. विषय मिटवू."

१२ जानेवारी

मिटलं! देवानंच सुबुद्धी दिली म्हणायची.

देवळाच्या सभागृहात सतरंज्या घातलेल्या. पुढे माणसं, मागे बायका, पोरं भिंतीला टेकून फोन हातात धरून. किशोररावांच्या पत्नीनं, संजीवनीताईंनी, मला खुर्ची दिली. वाडीचं कुणी नव्हतं. दर्शनाला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

मी स्वतःशी ठरवून गेले होते, स.बद्दल एक अक्षर काढायचं नाही, दुसरी बाई आहे हेसुद्धा म्हणायचं नाही. फक्त हिराबाई हे नाव कुठून आलं तेवढंच सांगायचं. करवंदांपर्यंत सगळं सांगितलं. मागच्या बायकांपैकी एकीनं डोळ्यांना पदर लावलेला मी पाहिला. अनंता नावाचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "म्हंजे आमची जाणूची आय यात नायच?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांचा काही संबंध नाही."

मग किशोरराव उठले. हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मॅडम, हे तुम्ही मनानं लिहिलंत."

किती सुंदर शब्द! मला इतके दिवस सापडत नव्हता. मी म्हटलं, "हो, अगदी मनानं लिहिलंय."

सभागृह एकदम हसलं, सैल झालं. पोरंसुद्धा हसली. किशोरराव म्हणाले, "मॅडमचा मोठेपणा. एवढ्या शिकलेल्या, पण मान्य केलं." निघताना संजीवनीताईंनी वालाच्या शेंगांची पिशवी दिली. वेशीवर तोच जीपवाला उभा होता, पुढच्या सीटवर बसवलं त्यानं.

शेंगा सोलल्या. आईसारखी उसळ जमली नाही, पण जेवले पोटभर.

१४ जानेवारी

संक्रांत. मालकीणबाईंनी तिळगूळ दिला. जाणूला पुन्हा ट्रॅक्टरवर घेतलं, दुकानही सुरू झालं, असं कळलं. दर्शनाला कळवावं म्हणून दोनदा फोन केला. उचलत नाही.

१६ जानेवारी

दर्शना स्वतःच आली. चपला न काढता दारात उभी राहिली आणि फोन माझ्यासमोर धरला.

त्यात मी आहे. देवळातली खुर्ची, माझा चंदेरी अंबाडा, हसरा चेहरा. किशोररावांचा आवाज: "हे तुम्ही मनानं लिहिलंत." मी: "हो, अगदी मनानं लिहिलंय." संपलं. वर मोठ्या अक्षरांत: "खुर्चीची स्टोरी खोटी, मॅडमची कबुली."

"यात खोटी कुठून आलं?" मी म्हटलं. "मी तर मनापासून म्हणाले."

दर्शनानं फोन खाली केला. मग बसली, जमिनीवरच.

"ताई, मनापासून वेगळं. मनानं लिहिलं म्हणजे मनाचं लिहिलं. रचून. पोरगं परीक्षेत उत्तर येत नसलं की मनानं लिहितं, तसं. किशोररावानं शब्द शोधून आणला होता तो. तुम्ही त्याच्या हातातून घेऊन स्वतःच्या तोंडात घातलात."

सभागृह का हसलं ते आत्ता कळलं. त्या बाईनं पदर लावला होता तो डोळ्यांना नव्हता, तोंडाला होता.

"मी गेल्या महिनाभर त्या पोलिसांच्या मागे लागलेय," दर्शना म्हणाली. "गुणानं भीतीनं काय सांगितलं ते सोडा, पाहणारी बाई आहे, तिचा जबाब घ्या म्हणून. साहेब तयार झाले होते. काल हा व्हिडिओ दाखवून मला म्हणाले, लेख लिहिणारीच म्हणते मनानं लिहिलंय. मग ही बाई आहे तरी का?"

मी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. ती म्हणाली, "आहे. कुणाचं आहे म्हणून देणार? हिराबाईंचं?"

तिनं तिळगूळ घेतला नाही.

१७ जानेवारी

लहानपणी शाळेत मराठी बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. मी कधी सापडले नाही. त्याचा मला अभिमान होता.

२० जानेवारी

खुलाशाचा मसुदा लिहिला. "सदर लेखातील साक्ष पूर्णतः खरी असून..." लगेच दिसलं, हा फिरला की पुन्हा म्हातारीच्या दारात पोरं जाणार. साक्ष खरी तर बाई खरी, आणि त्या नावाची बाई गावात एकच. फाडला. दुसरा लिहिला, त्यात स. उघडी पडते. तोही फाडला.

गप्प बसले तर? म्हातारी सुरक्षित, स. सुरक्षित, जाणूचं काम चालू. लेख मासिकातून काढतील, मला हसतील, हरकत नाही. फक्त गुणानं आपल्या शर्टानं खुर्ची पुसली ते घडलंच नाही असं होईल. वाईट हे, की आज दिवसभर मला तोच मार्ग बरा वाटत होता. मी त्याला त्याग असंही नाव देऊन पाहिलं.

माझ्या जुन्या विद्यार्थिनीनं, जिच्या कानात आवाज घुमत होता तिनं, तो व्हिडिओ मला पाठवला. "मॅम, हे फेक आहे ना? एडिटेड?" काय उत्तर देऊ? एडिटेड नाही. अख्खं वाक्य माझंच आहे.

२३ जानेवारी

सकाळी दार वाजलं. स. उभी होती. पहिल्या एसटीनं आलेली, हातात पिशवी. मागे दर्शना.

मी रडायलाच लागले. म्हटलं, "माझं चुकलं गं. मला माफ कर."

"पानी द्या पयलं," ती म्हणाली.

पाणी प्यायली. खोलीभर पाहिलं, पुस्तकं, टेबल, खिडकीतली माहुली. मग म्हणाली, "पोरांच्या मोबाईलवर बघितलं तुमाला. सगळी बोलतात, बाईनं मनानं लिवलं. माझा मालक पन बोलला, तू बोललीस काय नक्की, का बाईनंच रचलं? मी त्याला सांगितलं होतं पयल्या दिशीच, मी बोलली म्हनून. तरी त्यानं इच्चारलं."

मी म्हटलं, "तुझं नाव बाहेर येऊ नये म्हणूनच तर..."

"मी सांगितलेलं नाव. दोनदा. लिवा म्हनाली होती ना? तुमी हसलात."

मला आठवत होतं. मी याच डायरीत ते लिहून ठेवलंय, तिच्या निरागसपणाबद्दल.

"माझं नाव लिवलं असतंत तर म्हातारीच्या दारात कोन गेलं असतं काय? माझ्या दारात आली असती पोरं. येऊ देत. मी हात नसते जोडले. माझं बोलनं नि दुसरीला दिलं. असं करतात काय ओ?" ती चिडलेली नव्हती. खरंच विचारत होती.

मी म्हटलं, तुला त्रास देतील, काम बंद करतील. ती म्हणाली, "होळीआधी भट्टीवर जानारच आमी. नि आता काय देत नाय त्रास?"

दर्शना म्हणाली, "ती जबाब द्यायला निघालीय. आज, आत्ता. स्वतःच्या नावानं. मग म्हातारीचाही प्रश्न मिटतो. रेकॉर्डिंग तुम्ही द्यायचं, तिचं म्हणून."

मी लगबगीनं उठले. चष्मा, फोन, पर्स. म्हटलं, मी साहेबांशी नीट बोलते, सगळा संदर्भ समजावून सांगते. स.नं माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी चला," ती म्हणाली. "पन बोलू नका."

एसटीत ती खिडकीशी बसली. किन्हवलीला तिनं भाजलेल्या शेंगा घेतल्या, मला अर्ध्या दिल्या. 

पोलीस ठाण्यात मला भिंतीजवळच्या बाकावर बसवलं. साहेबांनी मला ओळखलं. व्हिडिओतली मी, हे त्यांच्या नजरेत दिसलं.  मी फोन टेबलावर ठेवला आणि येऊन बसले. इतका वेळ गप्प बसण्याची मला सवय नाही. बाकाची कड धरून ठेवावी लागली.

हवालदारानं पेन उघडलं. "नाव?"

तिनं पदर नीट केला. पूर्ण नाव सांगितलं. मग त्याचं लिहून होईपर्यंत थांबून, सावकाश, पुन्हा एकदा.

"संगीता विनोद मुकणे. बघा, बरोबर लिवलंत ना?"

त्यानं वाचून दाखवलं. बरोबर होतं.